तपशिलाची तीन पानं

पाकीट हाताला जाड लागलं, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. गेली कितीतरी वर्षं आमच्याकडे टेलिफोनचं बिल यायचं ते एका कागदाचं: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोहोंची वजाबाकी, रक्कम, आणि भरायची शेवटची तारीख. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला त्या वजाबाकीत बघण्यासारखं काही नसे, तरी मी ती पेन्सिलीनं ताडून पाहायचो आणि बरोबर निघाली की उगाचच समाधान पावायचो. या वेळी तीन पानं होती. दिवाळीत कुमुद इंग्लंडहून आली होती, तेव्हा तिनंच मला इंदरगंजच्या टेलिफोन ऑफिसात नेऊन सगळं एकत्र करून घेतलं होतं. घरचा फोन, नातीचे फोटो बघायला इंटरनेट आणि माझ्या खिशात एक मोबाइल, असं तिन्हींचं मिळून एकच बिल. ते दिवसच जोडण्या-तोडण्याचे होते. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे होऊन चार वर्षं झाली होती, टेलिफोनचं सरकारी खातं जाऊन तिथे कंपनी आली होती, जुन्या खिडक्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, आणि पाटी बदलली तरी आतला माणूस तोच असतो हे मी लहानपणीच, आमचं ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं त्या वर्षी, पाहून ठेवलं होतं. काउंटरवरच्या माणसानं फॉर्मावरच्या एका चौकोनाकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘डिटेल चाहिए, अंकल? एक-एक कॉल लिखा हुआ आएगा.’’ मी म्हटलं, ‘‘क्यों नहीं? हिसाब साफ होना चाहिए.’’ आणि त्या चौकोनात मीच, माझ्याच पेननं, खूण केली.

फेब्रुवारीचं ऊन ओसरीवर आलं होतं. इंदू समोर परातीत मटार सोलत होती. मी पहिलं पान वाचलं आणि मला हसू आलं. घरच्या फोनवरून माझ्याच मोबाइलला लावलेले सात कॉल तिथे ओळीनं छापले होते, प्रत्येकापुढे शून्य रुपये. हा मोबाइल मी कुठेतरी ठेवून विसरतो आणि मग घरून रिंग देऊन त्याला शोधत फिरतो. ‘‘अगं, हे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘उशीखाली वाजला होता, तेसुद्धा लिहिलंय.’’ ‘‘उशीखाली असं लिहिलंय?’’ ‘‘तसं नाही. तारीख, वेळ.’’ ‘‘मग फ्रिजमध्ये सापडला होता ते बिलकुल सांगू नका कंपनीला,’’ इंदू म्हणाली. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर निम्म्याच्या खाली ‘विदेश’ असं वेगळं शीर्षक होतं आणि त्याखाली, रविवारच्या नेहमीच्या फोनची ओळ सोडून, नऊ ओळी. नऊच्या नऊ ओळींत एकच क्रमांक. वेळ चार छत्तीस, चार एकतीस, चार चाळीस. आणि पुढच्या रकान्यात, किती वेळ बोलणं झालं त्या रकान्यात: अडतीस सेकंद. एकेचाळीस सेकंद. छत्तीस. पुन्हा अडतीस.

माझे कान तापले. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हे दुसऱ्यांच्या कानांवर पाहिलं आहे. मुलाच्या वहीखालून चिठ्ठी निघाली की आधी त्याचे कान लाल होतात, मग मान खाली जाते, आणि सगळ्यात शेवटी तो काहीतरी बोलतो, जे हमखास खोटं असतं. ‘‘काय लिहिलंय एवढं तीन-तीन पानं?’’ इंदूनं विचारलं. ‘‘कंपनीचे नियम,’’ मी म्हणालो, आणि बिलाची घडी करून मांडीखाली सरकवली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. शेंगेतून दाणे परातीत पडल्याचा आवाज येत राहिला. त्या कागदाची कड मला धोतरातून टोचत होती, आणि मी सत्तरीचा माणूस, तो टोचत नाही असं दाखवत उन्हात बसून होतो.

कुमुद इंग्लंडला गेली तेव्हा घरात फोनचा नियम मीच घातला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण फोन करायचा आणि तो पाच मिनिटांत संपवायचा. परदेशी फोन म्हणजे पाण्यासारखा पैसा, आणि शिस्त म्हणजे शिस्त. रविवारी मी मनगटावरचं घड्याळ काढून फोनशेजारी ठेवत असे. पहिली दीड मिनिटं माझी, उरलेली इंदूची. इंदू महिनाभर एका कागदावर काय काय विचारायचं ते लिहून ठेवी. लोणच्याची बरणी पोचली का, पडून दुखावलेला गुडघा कसा आहे, शांताताईंच्या सुनेला मुलगी झाली ते सांगायचं. आणि मी चौथ्या मिनिटाला बोट वर केलं की तिचं बोलणं अडखळे, कागदावर नजर धावू लागे, आणि खालची दोन-तीन वाक्यं तशीच राहून जात. एकदा फोन ठेवल्यावर ती तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली होती, आणि मी तिला म्हणालो होतो, ‘‘महत्त्वाचं आधी लिहावं.’’ मास्तर होतो ना. चूक दिसली की सुधारायची, एवढंच मला येत होतं.

आणि मग मंगळवार-शुक्रवार. त्या दोन दिवशी इंदू चार वाजता शांताताईंकडे भजनाला जाते. शिकवणीची मुलं पाचला येतात. मधला तासभर घर रिकामं असतं. अशाच एका मंगळवारी, आता सहा वर्षं झाली त्याला, मी कुमुदला फोन लावला. कशासाठी ते आज आठवत नाही. कारण काहीतरी शोधलं असणार. तिकडे सकाळचे अकरा, ती कामावर. फोन यंत्रानं उचलला. आधी इंग्रजीत दोन वाक्यं, कुणा परक्या बाईची वाटावीत अशी, आणि मग एकदम मराठीत: ‘‘आई-बाबा, तुम्ही असाल तर बोला हं. मी घरी आले की ऐकेन.’’ त्यातलं ते ‘हं’. पाच वर्षांची असताना दारात उभी राहून, ‘‘बाबा, लवकर या हं,’’ म्हणायची तेच. रविवारच्या फोनवर ते कधी ऐकू येत नसे. घड्याळासमोर तीही घाईनं, नीटनेटकं बोले. यंत्रापुढे मात्र तिला कुणी घाई केली नव्हती. त्यानंतर एक टूं असा आवाज झाला आणि मग शांतता. मी बोललो नाही. काय बोलणार? मी त्या शांततेत थोडा वेळ उभा राहिलो, आणि फोन ठेवला. शुक्रवारी पुन्हा लावला.

एकदा रविवारी ती म्हणाली होती, ‘‘बाबा, मशीनवर अधूनमधून कुणीतरी गप्पच बसतं. चुकीचा नंबर लागत असेल कुणाचा.’’ मी म्हटलं, ‘‘असेल.’’ आणि घड्याळाकडे बोट केलं.

आता तुम्ही म्हणाल, परदेशी फोनचा एवढा धाक असलेला माणूस आठवड्यातून दोनदा इंग्लंडला फोन कसा लावत होता? याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते आमच्या पिढीच्याच माणसाला सुचेल असं आहे. आमच्या वेळी ट्रंक कॉल बुक करावा लागे. त्यात एक प्रकार होता पी. पी.चा. म्हणजे आपण ऑपरेटरला माणसाचं नाव सांगायचं. तो माणूस फोनवर आला तरच बोलण्याचे पैसे लागायचे. तो नसला, दुसऱ्याच कुणी उचलला, तर बोलणं झालंच नाही असं धरत. माझ्या वडिलांची कचेरी भोपाळला हलली, त्या वर्षी आईनं असे कितीतरी कॉल लावले होते, आणि ‘‘साहब नहीं हैं,’’ असं ऐकून ती जणू फुकटात काही मिळाल्यासारखी हसून फोन ठेवायची. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माणूस नाही, तर बोलणं नाही. बोलणं नाही, तर बिल नाही. यंत्रानं फोन उचलला म्हणजे कुणी उचलला नाही, असं मी धरून चाललो. खरंच धरून चाललो का? गणित शिकवणाऱ्या माणसाला, पीसीओवर समोरचा मीटर पळताना पाहिलेल्या माणसाला, हे कळत नव्हतं का? मांडीखालच्या कागदावर बसल्या बसल्या मी हे स्वतःला विचारलं, आणि पाचवीतल्या पोरासारखं मला दोन्ही उत्तरं बरोबर वाटू लागली. मला माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

हे एवढंच असतं तर शरमेनं दोन दिवस जेवण गेलं नसतं आणि विषय संपला असता. पण त्या नऊ ओळी वाचता वाचताच मला त्यांच्यामागची, सहा वर्षांपूर्वीची ओसरी दिसू लागली होती. तेव्हाच्या एका बिलात कॉलांचा आकडा तीनशेवरून एकदम अकराशेवर गेला होता. लांबच्या एका फोनचे मीटरवर कितीतरी कॉल धरले जात, पण कुठल्या फोनचे किती याचा तपशील नव्हता. नुसतं उत्तर. वर्गात मी मुलांना सांगत आलो की पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला एकही गुण मिळणार नाही, बरोबर आलं तरी नाही, कारण ते कुठून आलं ते मला दिसलं पाहिजे. आणि ते बिल हातात घेऊन मी पायऱ्या मनानं भरल्या. मी फोन करतो तो रविवारी. इंदू फोनला हात लावत नाही. राहिलं कोण? शिकवणीची सात मुलं. त्यांतल्या एकीनंच कधीतरी आमचा फोन वापरला होता. ती दुर्गा.

दुर्गा हजीऱ्याची. तिचे वडील कान्होजी तिथल्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा सुरतेला गेले. आई विजयाबाई इंदरगंजात एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायची. साडेचारला ती सवारीच्या टेम्पोतून उतरून मुलीला आमच्या दारात सोडी आणि साडेसहाला परत नेई, म्हणून दुर्गा इतरांच्या आधी अर्धा तास यायची आणि ओसरीच्या पायरीवर वही उघडून बसायची. सातवीत होती. दोन घट्ट वेण्या, आणि एक सवय: बेरजेतला हातचा ती डोक्यावर बारीक लिही आणि उत्तर आलं की खोडरबरानं पुसून टाकी. मी म्हणे, ‘‘दुर्गा, हातचा पुसू नये. चुकलं तर कुठे चुकलं ते कळणार कसं?’’ ती म्हणे, ‘‘पर सर, घाण दिसतं.’’ एकदा तिनं विचारलं होतं, ‘‘सर, बाबांना फोन करू? सुरतला, दुकानाचा नंबर आहे.’’ मी परवानगी दिली. ती अर्धा मिनिट बोलली. ‘‘हाँ… जेवली… हाँ, पहिली आली… बरं.’’ एवढंच. आणि त्या अकराशेच्या बिलाच्या आठवड्यात मी आतून चष्मा घेऊन आलो तर ती बैठकीत फोनपाशी उभी होती, आणि तिचा हात रिसीव्हरवर होता. मला पाहून तिनं हात काढला.  मी काही विचारलं नाही. मी बघितलं होतं, तेवढं पुरे होतं.

मी कधीही मुलावर चारचौघांत आरोप केला नाही, याचा मला अभिमान होता. ती माझी पद्धत होती आणि ती मला माझ्या मास्तरांकडून मिळाली होती. गोरखीच्या शाळेत मी चौथीत असताना, संस्थान विलीन झालं त्या वर्षी, नव्या राज्याच्या शिक्क्याचं कोरं हजेरीपुस्तक आलं आणि त्याच दिवशी त्याच्यावर कुणीतरी शाई सांडली. माधवराव मास्तरांनी कुणाचं नाव घेतलं नाही, छडी उचलली नाही. एका राजाच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगितली फक्त, आणि गोष्ट संपायच्या आत मी रडत उभा राहिलो, कारण शाई मीच सांडली होती. मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आयुष्यभर पुरला. मी ठरवलं की मोठा झाल्यावर असाच मास्तर व्हायचं. माझ्या लक्षात एक गोष्ट कधीच आली नाही: ती गोष्ट मला लागली कारण मी अपराधी होतो. ज्यानं काही केलेलंच नाही त्याला अशी गोष्ट सांगितली तर त्याच्यात काय होतं, हे ना मास्तरांनी मला सांगितलं, ना मी कधी विचारलं.

तर मी गोष्ट सांगितली. सातही मुलं समोर मांडी घालून बसली होती. एका माणसाच्या अंगणात विहीर होती, त्यानं ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती, आणि कुणीतरी न विचारता बादल्याच्या बादल्या पाणी काढून नेत होतं. मी ती फार छान सांगितली. थांबायचं तिथे थांबलो, आवाज खाली आणायचा तिथे आणला. एकानं विचारलं, ‘‘सर, कोण होता तो?’’ मी म्हणालो, ‘‘ज्याचं त्याला माहीत.’’ आणि दुर्गाकडे पाहिलं. अगदी प्रेमानं पाहिलं, हे मला शपथेवर सांगता येईल. ती उठून कबूल करील आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवीन, याची मी वाट बघत होतो. माझी नजर गेली तिकडे बाकीच्या सहाही मुलांच्या नजरा गेल्या. ती रडली नाही. तिनं एकदा दारातून आत, बैठकीतल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून अर्धी राहिलेली बेरीज पुरी केली. हातचा पुसला. दुसऱ्या दिवशी मी बाड्यावरच्या बाजारातून एक छोटं पितळी कुलूप आणून फोनच्या डायलला लावलं. किल्ली माझ्या जानव्याला. त्या दिवसापासून दुर्गा आली नाही. आठवड्यानं विजयाबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘तिला हजीऱ्यातच क्लास लावला सर. रोजची चक्कर वाचेल.’’ मला सुटल्यासारखं वाटलं. पुढचं बिल आलं ते पुन्हा तीनशेचं, आणि मी ते इंदूपुढे धरलं. बघ. त्या दोन महिन्यांत कुमुद बाळंतपणाच्या रजेवर घरी होती, फोन तीच उचलेल म्हणून मी लावतच नव्हतो, हे मला तेव्हा आठवलं नाही. ती पुन्हा कामावर गेली, माझे मंगळवार-शुक्रवार पुन्हा सुरू झाले, आकडे पुन्हा चढले. पण तोवर दुर्गाचं उत्तर तपासून झालं होतं, आणि तपासलेली वही मी पुन्हा उघडत नसे.

‘‘उठा बघू जरा,’’ इंदू म्हणाली. परात रिकामी करून ती समोर उभी होती. ‘‘कशाला?’’ ‘‘नियमांवर बसला आहात. बघू द्या मलाही.’’ मी कागद दिला. चष्मा लावून ती पहिल्या पानावरून सावकाश खाली आली, ओठ हलवत, कागदावरून बोट फिरवत. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. तो क्रमांक तिला पाठ होता. दहा वर्षं ती तो कागदाच्या डोक्यावर लिहीत आली होती.

‘‘हा कुमुदचा नंबर.’’

‘‘हो.’’

‘‘मंगळवार… शुक्रवार… मंगळवार.’’ तिनं बोटांवर मोजलं. ‘‘माझ्या भजनाचे दिवस. पण तेव्हा ती घरी कुठे असते?’’

‘‘नसते.’’

‘‘मग अडतीस सेकंद काय केलंत?’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हणालो. ‘‘यंत्रावर ती आपल्याशी बोलते. मराठीत. दोन वाक्यं.’’

इंदू खाली बसली. मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, ‘‘काय बोलते?’’ मी सांगितलं. ‘हं’सकट सांगितलं. तिनं ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘मला पाच मिनिटं मोजून दिलीत. महत्त्वाचं आधी लिहावं म्हणालात.’’  ओसरीवरचं ऊन सरकून तिच्या पायांवर आलं होतं आणि तिच्या बोटांना मटाराचा हिरवा वास येत होता. ती पुन्हा कागदाकडे वळली आणि तिचं बोट त्या ओळींवरून वर-खाली फिरू लागलं, आणि मला कळलं की ती आता माझ्याच वाटेनं मागे चालली आहे. थोडी हळू, पण त्याच वाटेनं. ‘‘म्हणजे तेव्हाही…’’ ती म्हणाली आणि थांबली. ‘‘अहो, ती पोर.’’

‘‘हो.’’

‘‘मी तेव्हाच म्हटलं होतं, ती तशी नाही.’’

तिनं म्हटलं होतं. मी म्हणालो होतो, पुरावा बघ.

‘‘परवा विजयाबाई भेटल्या होत्या बाड्यावर,’’ ती म्हणाली. ‘‘दुर्गा कॉलेजात जाते. संध्याकाळी घरी पोरांना शिकवते म्हणे.’’ तिनं हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार हवा आहे. ‘‘ते घड्याळ इकडे द्या,’’ ती म्हणाली. मी मनगटावरून घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते रिकाम्या परातीत टाकलं आणि परात घेऊन आत गेली.

हजीऱ्याचा टेम्पो किल्ल्याच्या पायथ्यानं जातो. मी कडेला बसलो होतो, बिल सदऱ्याच्या वरच्या खिशात, आणि वेळ बघायला सारखं मनगटाकडे पाहत होतो जिथे नुसता पांढरा पट्टा उरला होता. काय बोलायचं ते मी जुळवत होतो. दुर्गा, माझी चूक झाली. दुर्गा, त्या वेळी परिस्थितीच अशी होती. दुर्गा, मी तुझं नाव घेतलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य तर पुन्हा पुन्हा येत होतं; मी ते बाजूला सारत होतो आणि ते पुन्हा पुढे येऊन बसत होतं. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली, जी ओसरीवर सुचली नव्हती. ती साडेचारला यायची. मी फोन लावायचो तोही साडेचारच्याच पुढे. बैठकीचं दार उघडं असायचं. पायरीवरून फोन दिसतो. मुलांची चाहूल लागली की मी घाईनं रिसीव्हर ठेवायचो, आणि तो नीट बसायचा नाही, तिरका राहायचा; इंदू कितीदा त्यावरून बोलली आहे. तो हात, रिसीव्हरवरचा तिचा हात. ती फोन लावत नव्हती. ती तो सरळ करत होती. तिनं मला पाहिलं होतं, आठवड्यातून दोनदा, फोन कानाला लावून मुका उभा राहिलेला. आणि विहिरीची गोष्ट मी सांगत होतो तेव्हा, पाणी कोण काढतं हे त्या ओसरीवर एकट्या तिलाच माहीत होतं. टेम्पोवाला म्हणाला, ‘‘बाबा, हजीरा. उतरना नहीं है?’’

मिलच्या जुन्या चाळीतली दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या पडवीत आठ-नऊ मुलं बसली होती आणि भिंतीला काळा रंग दिलेला पत्रा टेकवून दुर्गा बेरीज शिकवत होती. वेणी आता एकच होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ‘‘हासिल मिटाना नहीं,’’ ती एका मुलाला सांगत होती, ‘‘ऊपर लिखा रहने दो. गलती हुई तो दिखेगी.’’ मी तिथेच उभा राहिलो. माझे शब्द तिच्या तोंडून, हिंदीत, इतके सरळ येत होते की क्षणभर मला अभिमान वाटला, आणि तो वाटल्याबद्दल मी स्वतःवर इतका शरमलो की परत फिरावंसं वाटलं. तेवढ्यात तिनं वळून पाहिलं.

‘‘सर!’’ ती म्हणाली. ‘‘अरे, या ना… बसा, सर. ए, खुर्ची ला अंदर से. आई दुकानावर आहे.’’ वाकून तिनं नमस्कार केला. चेहऱ्यावर आनंद होता की नुसतं आश्चर्य, मला ठरवता आलं नाही.

‘‘मला तुला एक सांगायचं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘सांगा ना.’’

मुलं माझ्याकडे बघत होती. तिला बाजूला बोलावता आलं असतं. पण तेव्हा विहिरीची गोष्ट मी तिला बाजूला बोलावून सांगितली नव्हती. मी खुर्चीत बसलो, खिशातला कागद चाचपला, आणि मुलांना म्हणालो, ‘‘बच्चो, कहानी सुनोगे?’’ मुलं पुढे सरकली. ‘‘एक मास्टरजी थे,’’ मी सुरुवात केली. ‘‘उनके घर में टेलीफ़ोन था…’’ आणि माझा आवाज आपोआप त्या जुन्या वळणावर गेला. थांबायचं तिथे थांबू लागला, खाली यायचा तिथे येऊ लागला. मला बरं वाटू लागलं. कितीतरी वेळानं श्वास मोकळा झाला. मास्तर एकीकडे होते, मी एकीकडे होतो, आणि मध्ये गोष्ट होती. आपण पुन्हा तेच करतो आहोत हे मला कळत होतं आणि थांबवत नव्हतं. एका लहान मुलीनं विचारलं, ‘‘कौन थे वो मास्टरजी?’’

तेच शब्द जिभेवर आले. ज्याचं त्याला माहीत. मी दुर्गाकडे पाहिलं. ती पत्र्यापाशी खडू हातात धरून उभी होती.

‘‘मला मालूम आहे, सर, कोण ते,’’ ती मराठीत, हळू म्हणाली. ‘‘तेव्हाही मालूम होतं. यांना सांगा.’’

 मी कागद बाहेर काढला; त्याची घडी घामानं मऊ झाली होती. ‘‘मैं,’’ मी म्हणालो. ‘‘शरच्चंद्र पुराणिक.’’ आणि मग तिचं नाव घेतलं, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट, आणि म्हणालो की फोन मी करत होतो आणि दोष मी या मुलीवर ठेवला, सहा मुलांच्या देखत, एका खोट्या गोष्टीनं.

‘‘फिर?’’ त्या लहान मुलीनं विचारलं.

मी दुर्गाकडे बघत थांबलो. ती आता ‘जाऊ द्या, सर’ म्हणेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली नाही. ती तशीच उभी होती, पुढे ऐकायला. मी बिल गुडघ्यावर पसरलं, दुसरं पान वर घेतलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून सांगायला लागलो.